औषध जन्मभराचे, पैसा मुदतीचा

१८०१ च्या जानेवारीत तंजावरच्या सरफोजीराजांनी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र धाडले. गादीवर येऊन त्यांना जेमतेम अडीच वर्षे झाली होती आणि राज्य तर हातचे गेलेच होते. १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा वेळी कोणीही आपली नेमणूक वाढवून मागितली असती. राजांचे मागणे वेगळे होते. रामेश्वरच्या वाटेवर वाडवडिलांनी बांधलेल्या छत्रांना, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांना, जी गावे लावून दिली आहेत, त्यांचे उत्पन्न छत्रांकडेच राहू द्या, एवढेच ते मागत होते.

छत्रांत काय काय चालते ते राजांनी बारकाईने लिहिले आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत येईल त्या वाटसरूला जेवण मिळे, शिजवलेले नको असेल त्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का, असे पुकारले जाई. प्रत्येक छत्रात शिक्षक होते आणि वैद्यही. वाटेत आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न दिले जाई. गरीब गर्भवतीचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई आणि नंतर तीन महिने तिला तिथे राहता येई. परक्या मुलखातून येऊन आईबाप गमावलेली मुले पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळचे जेवण, कपडे, औषध, शिक्षण मिळे आणि शेवटी लग्नाचा खर्चही होई.

कंपनीने ते मागणे मानले. त्यानंतर लवकरच, १८०२ च्या सुमारास, राजांनी स्वतः एक नवे छत्र उभारले. ते तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु या गावी आहे. राजांची प्रिय स्त्री मुक्तांबा हिच्या नावाने ते मुक्तांबाळ छत्र म्हणून ओळखले गेले, आणि गावालाही काही काळ मुक्तांबाळपुरम हे नाव होते. हत्तीघोडे जुंपलेल्या रथासारखा घडवलेला त्याचा दगडी भाग आजही पाहायला मिळतो. छत्रांच्या जमाखर्चाचे मोडी कागद तंजावरला आहेत, आणि कित्येकांची भाषा मराठी आहे.

सरफोजींचे हे पत्र दानधर्माचे वर्णन म्हणून नेहमी सांगितले जाते. मला ते सार्वजनिक आरोग्याच्या अंदाजपत्रकाचा कागद वाटतो. वैद्याचा पगार, बाळंतिणीचे तीन महिने, अनाथाची दहा-बारा वर्षे यातला एकही खर्च एका हंगामात संपणारा नाही, म्हणून तो गावांच्या कायम उत्पन्नाला बांधलेला होता. राजांनी कंपनीकडे एकरकमी देणगी मागितली असती तर ती मिळाली असती आणि चार वर्षांत संपलीही असती. त्यांनी उत्पन्नाचा झरा मागितला. या व्यवस्थेत जातीची उतरंड तशीच होती, आणि ती एका घराण्याच्या मर्जीवर उभी होती, हे विसरता येत नाही. पण ज्याचे दुखणे लांबणार आहे त्याच्या खर्चाची तजवीजही लांबवरची हवी, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागले नव्हते.

एकशे पंच्याऐंशी वर्षांनी याच तमिळ मुलखात असा रोग सापडला की ज्याचे दुखणे जन्मभराचे होते. त्याच्यासाठी पैसा उभा करताना हीच गोष्ट सरकारला, जागतिक बँकेला, देणगीदारांना आणि कारकुनांना पुन्हा शिकावी लागली. ती शिकता शिकता फार माणसे गेली.

१९८५-८६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासला चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या भावंडांत ही एकटी मुलगी. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एक विषय सुचवला: भारतात एड्स आहे का, ते शोध. तेव्हा सरकारी वर्तुळात आणि वर्तमानपत्रांतही, हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो यायचा नाही, असे ठामपणे बोलले जाई. निर्मला देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ठेवलेल्या मैलापूरच्या सरकारी गृहात गेल्या. हातमोजे नाहीत, खास साधने नाहीत. रक्ताचे नमुने त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासला एलायझा चाचणीची सोय नव्हती, म्हणून नवऱ्याला सोबत घेऊन रात्रीच्या गाडीने त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचल्या. शंभराच्या आसपास नमुन्यांपैकी सहा पिवळे झाले, म्हणजे त्यांत लागण दिसली. अमेरिकेतल्या पक्क्या तपासणीनेही तेच सांगितले, आणि १९८६ च्या मे महिन्यात आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी तमिळनाडू विधानसभेत ही बातमी जाहीर केली.

देशातल्या या रोगाच्या पहिल्या पुराव्यावर सरकारचा किती पैसा खर्च झाला, तर जवळजवळ काहीच नाही. एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, तिची प्राध्यापक आणि दुसऱ्या गावच्या खासगी रुग्णालयाची प्रयोगशाळा, एवढ्यावर ते काम झाले.

पुढची काही वर्षे तपासण्या वाढल्या, पण उपचार आणि सल्ल्याची सोय वाढली नाही. आजाऱ्यासाठी द्यायला काही नसताना सरकारी यंत्रणेच्या हातात बंदोबस्त तेवढा राहतो. तसेच झाले. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडला अशा स्त्रियांना मुदत संपूनही गृहातून सोडले जात नसे. पत्रकार श्यामला नटराज यांनी मद्रास उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा त्या सुटल्या. गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला १९८९ मध्ये रक्तदानानंतर पोलिसांनी उचलले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात चौसष्ट दिवस एकटे डांबले. ते कायद्यानेच झाले, कारण गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती. १९९० मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीतून आठशेहून अधिक तमिळ स्त्रियांना ‘मुक्ती’च्या नावाखाली खास गाडीने मद्रासला नेले गेले. तिथे त्यांचे रक्त तपासले आणि त्यांना कोंडले. या तिन्ही घटनांत अधिकारी दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापाशी योजना नव्हती आणि तरतूदही नव्हती, कायदा मात्र होता, आणि तोच त्यांनी वापरला.

दिल्लीत १९८६ मध्ये राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी एक लहानसा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने महाराष्ट्र, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, मणिपूर आणि दिल्ली यांच्यासाठी मध्यम मुदतीची योजना आखली गेली. खरा पैसा आला तो १९९२ मध्ये. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने ८ कोटी ४० लाख डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली आणि पहिला टप्पा सुरू झाला. आदल्याच वर्षी परकीय गंगाजळी आटून देशाने सोने गहाण टाकले होते. क्षय, हिवताप, हगवण यांनी लाखो माणसे मरत असताना या नव्या रोगासाठी कर्ज काढावे का, असा प्रश्न तेव्हा प्रामाणिकपणे विचारला गेला. तो अडाण्यांचा प्रश्न नव्हता. पण त्याचे एक उत्तर होते. क्षयाचे रोगी त्या वर्षी जेवढे होते तेवढेच पुढच्या वर्षी साधारण असणार होते. हा रोग मात्र दरवर्षी पसरत होता, आणि आज न केलेल्या खर्चाची भरपाई दहा वर्षांनी अनेक पटींनी करावी लागणार होती.

कर्ज मंजूर झाले, पण पैसा पोचेना. ही गोष्ट कंटाळवाणी म्हणून इतिहासात सहसा लिहिली जात नाही, पण माझ्या मते या साऱ्या कहाणीचे मर्म इथेच आहे. केंद्राचा पैसा राज्याच्या कोषागारात जाई आणि तिथे इतर खर्चांच्या रांगेत उभा राही. वित्त विभागाची मंजुरी, पदनिर्मितीची मंजुरी, खरेदीच्या निविदा यांतून तो आरोग्य विभागातल्या एड्स कक्षापर्यंत येईतो आर्थिक वर्ष सरत आलेले असे. मार्चअखेर न खर्चलेला पैसा परत, आणि ज्या वस्तीत निरोध पोचायला हवे होते तिथे काहीच नाही.

तमिळनाडूने यावर १९९४ मध्ये एक साधी पण दूरवर नेणारी वाट काढली. राज्य एड्स नियंत्रण सोसायटी स्थापन करून ती संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली. प्रमुख सनदी अधिकारीच, पण सोसायटीचे बँक खाते वेगळे. दिल्लीचा पैसा थेट त्या खात्यात येई आणि तिथून स्वयंसेवी संस्था, रक्तपेढ्या, जिल्हा रुग्णालये यांना आठवड्यांत पोचे. पाठोपाठ अमेरिकेच्या मदतीने चेन्नईच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसमार्फत एक मोठा प्रकल्प उभा राहिला. तो ट्रकचालकांचे थांबे, ढाबे आणि लॉज यांपर्यंत गेला. राज्याची ही घडी इतकी बसली की दुसऱ्या टप्प्याच्या तयारीत नॅकोने सगळ्याच राज्यांना अशा सोसायट्या काढायला लावले. १९९८ मध्ये मुंबईला स्वतंत्र जिल्हा सोसायटी मिळाली. मुंबईच्या आकाराचा आणि तिथल्या साथीचा विचार करता ती लवकर मिळाली असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रात याच वर्षांत सांगलीत वेगळाच प्रयोग चालू होता. १९९२ पासून ‘संग्राम’ने, मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गोकुळनगरसारख्या वस्तीतल्या बायकांच्याच हाती निरोध वाटण्याचे काम दिले. बाहेरून कोणी येऊन त्यांना शिकवत नव्हते, त्याच एकमेकींना सांगत होत्या आणि पोलिसांशीही त्याच बोलत होत्या. पुढे अमेरिकन मदतीला वेश्याव्यवसायविरोधी प्रतिज्ञेची अट जोडली गेली, तेव्हा २००५ मध्ये संग्रामने तो पैसा परत केला. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांनाच दोषी ठरवणारा कागद सही करून देणे त्यांना मान्य नव्हते. देणगीचा हात किती दूरवरून येतो आणि सोबत काय घेऊन येतो, हे त्या परतफेडीने दाखवले.

पहिला आणि १९९९ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा, म्हणजे आणखी १९ कोटी १० लाख डॉलरचे कर्ज, या सगळ्याचा रोख प्रतिबंधावर होता. रक्तपेढ्यांत तपासणी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारे बंद झाले. त्याने किती जीव वाचले असतील याची मोजदाद कठीण आहे. गुप्तरोगांचे दवाखाने सुधारले, भिंती रंगल्या, रेडिओवर सूचना आल्या. पण ज्याला लागण झालीच आहे त्याचे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते.

ते उत्तर मिळवण्यासाठी तंजावर, पट्टुकोट्टै, ओरत्तनाडुकडचा माणूस तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून चेन्नईजवळच्या तांबरमला जाई. १९२८ मध्ये क्षयासाठी उभारलेले तिथले सॅनेटोरियम नव्वदच्या दशकात देशातल्या एड्सरुग्णांचे एक सर्वांत मोठे ठिकाण झाले. दुसरीकडे दार बंद झालेले रोगी तिथे येत. सोबतच्या जंतुसंसर्गावर इलाज होई, जेवण मिळे, पण मूळ विषाणूवर औषध नव्हते. चेन्नईतच सुनीती सॉलोमन यांनी सरकारी नोकरी सोडून १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले. तिथे तपासणीआधी आणि नंतर माणसाशी बोलले जाई. २०१५ मध्ये त्या गेल्या तोवर हजारो रोग्यांची घडी त्यांनी बसवली होती, आणि लागण झालेल्यांची आपसांत लग्नेही जुळवून दिली होती.

१९९६ मध्ये तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबून राहतो हे सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत त्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. मग २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी हाच तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेकडे दाखवली. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, म्हणून हे शक्य झाले. आफ्रिकेतल्या लाखो माणसांपर्यंत मुंबईत बनलेल्या गोळ्या पोचल्या. भारतातल्या गरिबाला मात्र त्या दुकानातूनच घ्याव्या लागत. ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये, सर्वसाधारण भारतीयाच्या वर्षाच्या सरासरी उत्पन्नाएवढे. रोगी दोन महिने औषध घेई, जमीन गहाण टाकून आणखी चार महिने घेई, मग थांबे. थांबले की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होई.

सरकार का कचरत होते, हे नीट समजून घ्यायला हवे. निरोधाचा कार्यक्रम एक वर्ष मंदावला तर नुकसान होते, पण ते डोळ्यांसमोर दिसत नाही. औषध मात्र एकदा सुरू केले की त्या माणसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवावे लागते. आज एक हजार रोगी घेतले तर पुढच्या वर्षी त्या एक हजारांचा खर्च असतोच, शिवाय नव्यांचा. हा खर्च पाच वर्षांच्या टप्प्यात मावत नाही, कर्जाच्या मुदतीत मावत नाही. अधिकाऱ्यांची भीती खरी होती. तिच्यापुढे हात टेकून मरणाऱ्याला मरू देणे मात्र चूक होते, आणि रोग्यांच्या संघटनांनी ते ठणकावून सांगितले. चेन्नईत लागण झालेल्यांची राष्ट्रीय संघटना १९९७ मध्ये निघाली होती. पाठोपाठ स्त्रियांनीही आपली वेगळी संघटना काढली. मुंबईत, मणिपुरातही लोक रस्त्यावर आले.

३० नोव्हेंबर २००३ ला केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी एक लाख रोग्यांना मोफत औषध देण्याची घोषणा केली, आणि १ एप्रिल २००४ पासून आठ रुग्णालयांत ते सुरू झाले. मुंबईचे जे. जे. आणि तांबरमचे सॅनेटोरियम त्यांत होते. पहिल्या वर्षी आकडा काही हजारांवरच राहिला. रक्तातल्या सीडी-४ या प्रतिकारपेशी मोजणारी यंत्रे कमी होती, प्रशिक्षित डॉक्टर कमी होते, आणि वर्षानुवर्षे हाकललेला माणूस सरकारी रुग्णालयात सहज येत नव्हता. पुढे ग्लोबल फंडाचा पैसा आला आणि केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. तंजावरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र, म्हणजे या औषधांचे केंद्र, झाले तेव्हा ओरत्तनाडुच्या माणसाचा तांबरमचा प्रवास सुटला. गावातून सकाळी निघून गोळ्या घेऊन दुपारी परत येणे त्याला शक्य झाले. २००८ मध्ये पहिले औषध निकामी झालेल्यांसाठी दुसऱ्या फळीचे महाग उपचारही जे. जे. आणि तांबरमलाच आधी सुरू झाले.

२००७ हे वर्ष हिशेबाचे ठरले. तोवर देशात बावन्न ते सत्तावन्न लाख लागण झालेले आहेत असे धरले जाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रत्यक्ष रक्त तपासल्यावर तो आकडा सुमारे पंचवीस लाखांवर आला. काहींनी लगेच विचारले, मग इतका पैसा कशाला? पण तिसऱ्या टप्प्याचे ११,५८५ कोटी रुपयांचे नियोजन त्यामुळे मोडले नाही, उलट नेमके झाले. कुठल्या जिल्ह्यात किती लागण आहे, कोणत्या गटापर्यंत पोचायचे आहे, हे आता दिसत होते. त्याच काळात गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ प्रकल्प सहा राज्यांत जोरात चालू होता. तमिळनाडू आणि महाराष्ट्र त्यांत होते. तो २००९ पासून टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला गेला. देणगीदार जाणार हे आधीच ठरवून तयारी करण्याचे ते दुर्मीळ उदाहरण होते.

तमिळनाडूने आणखी एक पाऊल २००९ च्या सुमारास टाकले. एड्सने आईबाप गमावलेल्या किंवा स्वतः लागण झालेल्या मुलांसाठी पाच कोटी रुपयांची कायम ठेव ठेवून एक न्यास केला. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून मुलांचे शिक्षण आणि पोषण. रक्कम गरजेच्या मानाने लहान होती. तरी कोणा अधिकाऱ्याने, वित्तमंत्र्याने किंवा परदेशी संस्थेने पुढच्या वर्षी मन बदलले तरी मुलाची शाळा सुटू नये, असा विचार त्यात होता, आणि तंजावरच्या छत्रांतल्या अनाथ मुलांना तो अनोळखी वाटला नसता.

आणि मग २०१४. परदेशी मदत ओसरत चालली होती, आपला पैसा आपणच घालावा हे धोरण योग्यच होते. पण त्याच वर्षी केंद्राने थेट सोसायट्यांच्या खात्यात जाणारा निधी पुन्हा राज्यांच्या कोषागारांतून पाठवायला सुरुवात केली. आर्थिक शिस्त हे त्यामागचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. परिणाम वीस वर्षांपूर्वी ठाऊक असलेलाच झाला. पैसा राज्यांत अडला, समुपदेशक आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले, कित्येक जण काम सोडून गेले, ठिकठिकाणी तपासणीचे संच आणि औषधे कमी पडली. वर त्या वर्षीच्या तरतुदीलाही कात्री लागली. तमिळनाडूच्या सोसायटीचा धडा कागदावर होता, तिचे अधिकारी हयात होते. तो वाचला का गेला नाही, हा राग मला आजही येतो.

२०१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. लागण कळताच, सीडी-४ कितीही असो, औषध सुरू करायचे असे ठरले. आणि संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला. त्यात भेदभावाला बंदी आहे, गुप्ततेची हमी आहे. औषधोपचार मात्र सरकारने ‘शक्य तितके’ पुरवावेत असे त्याच्या चौदाव्या कलमात आहे. रोग्यांच्या संघटनांनी हे शब्द काढा म्हणून अर्ज केले, सभा घेतल्या. शब्द राहिले. कायदा २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला.

२०२१ मध्ये सुरू झालेला पाचवा टप्पा १५,४७१ कोटी ९४ लाख रुपयांचा होता आणि त्याचा भार केंद्रानेच उचलला. पंचवीस लाखांहून थोडे अधिक लोक विषाणूसह जगतात, बहुसंख्यांना रोजची गोळी मिळते, आणि नव्या लागणी नव्वदच्या दशकाच्या तुलनेत पुष्कळ घटल्या आहेत. कर्जाच्या ८ कोटी डॉलरपासून इथवर येणे ही लहान गोष्ट नाही. तरी २०२२ च्या जुलैत दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर रोगी महिन्याहून अधिक काळ ठाण मांडून बसले होते. खरेदीच्या निविदा लांबल्याने काही औषधांचा साठा संपत आला होता. महिन्याच्या जागी आठवड्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या जात होत्या. त्यांना नवी योजना नको होती, नवे आश्वासन नको होते. महिन्याची पूर्ण बाटली, आणि पुढच्या महिन्याचीही साठ्यात असल्याची खात्री, एवढे ते मागत होते.